आरएक्स१०० मार्क ३ : कुठल्या बटणाला काय द्यावं, मेमरीत काय ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा. बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात लोकसाहित्य शिकवणाऱ्या ताईंनी सोनीचा आरएक्स१०० मार्क ३ हा छोटा कॅमेरा सेकंडहँड घेतला आहे. जत्रा, गोंधळी, आराधी, विणकर, लेणी, जुनी देवळं या सगळ्यांची नोंद करायची म्हणून. पण घेतल्यापासून तो ऑटोवरच चालला आहे. मेनू उघडला की पानांवर पानं, आणि कुठल्या बटणाला काय द्यावं याबद्दल दहा व्हिडिओ दहा गोष्टी सांगतात. त्यांचं विचारणं असं की बटणं कशी लावू, मेमरीत काय ठेवू, आणि हाच कॅमेरा विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा तर काय काळजी घेऊ?

ताई, व्हिडिओ वेगवेगळं सांगतात कारण ते करणारे वेगवेगळे फोटो काढतात. कुणी रस्त्यावर, कुणी घरात बाळाचे, कुणी स्वतःचेच. त्यामुळे आधी तुमचं काम बघू आणि सेटिंगांची तीन गटांत विभागणी करू. फोटो काढता काढता, समोरचा माणूस हलायच्या आत जे बदलावं लागतं ते बोटाखाली हवं. ठिकाण बदललं की जे बदलतं ते मेमरीत हवं, म्हणजे सेटिंगांचा अख्खा संच कॅमेऱ्यात साठवून ठेवायच्या जागेत. आणि जे कधीच बदलायचं नाही ते एकदा लावून मेनू मिटून टाकायचा. हे एकदा ठरलं की कुठलं बटण कशाला, याचं उत्तर जवळजवळ आपोआप मिळतं.

सुरुवात मात्र पाटी कोरी करून करा. कॅमेरा सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने आत काय काय लावून ठेवलंय ते शोधत बसण्यात अर्थ नाही. सेटअप मेनूत सेटिंग रीसेट आहे, त्यातलं इनिशियलाइज निवडा. मग तारीख आणि वेळ बरोबर लावा. तुमच्यासारख्या नोंदीच्या कामात हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुढे काही वर्षांनी ‘हा पोत (देवीपुढची मशाल) कुठल्या नवरात्रातला’ हे फोटोच्या तारखेवरूनच कळणार आहे.

आता रिंग. लेन्सभोवती फिरणारी ती गोल रिंग म्हणजे या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा, सगळ्यात पटकन सापडणारा अवयव. डाव्या हाताची दोन बोटं आपोआप तिच्यावर असतात, डोळा स्क्रीनवरून हलवावा लागत नाही. कंपनीकडून ती ‘स्टँडर्ड’वर येते, म्हणजे मोड बदलला की तिचं काम बदलतं. ए मोडवर ती ॲपर्चर बदलते, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ते (या मोडवर ते तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा), पण ॲपर्चर तर मागचं चाकही बदलतं. एकाच कामाला दोन अवयव अडकून पडतात. म्हणून कस्टम की सेटिंग्जमध्ये जाऊन कंट्रोल रिंगला एक्स्पोजर कम्पेन्सेशन द्या, म्हणजे आपण ज्याला प्लस-मायनस म्हणतो ते, फोटो किती उजळ किंवा गडद यावा ते. चाक ॲपर्चरला, रिंग प्लस-मायनसला. माझ्या मते या कॅमेऱ्यात करण्यासारखा हा सगळ्यात मोठा बदल आहे. बाकी काहीच केलं नाहीत तरी एवढं करा.

प्लस-मायनसवर माझा एवढा भर आपल्या भागामुळे आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं आहे असं धरून उजेड मोजतो. मराठवाड्यात करडं फार थोडं मिळतं. पांढरं धोतर, पांढरी टोपी, फुटलेल्या कापसाचं रान, बीबी का मकबऱ्याचा घुमट : हे सगळं मीटर मळकट करून टाकतो, तिथे अधिक ०.७ ते अधिक १ लागतं. उलट वेरूळला काळा बेसाल्ट. पाषाण काळा, म्हणून मीटर त्याला उजळवत नेतो, दगडाचं वजनच जातं आणि वरचं आभाळ पांढरं फटक पडतं. तिथे उणे ०.७. एकाच जत्रेत पांढऱ्या फेट्याचा म्हातारा आणि त्याच्या मागे काळी घोडी असं दोन पावलांवर बदलत असतं. हे बदलायला दर वेळी चाकाचं खालचं बटण दाबा, चाक फिरवा, पुन्हा दाबा, असं करत बसलात तर म्हातारा निघून जातो.

रिंग गुळगुळीत फिरते, खटखट वाजत नाही, त्यामुळे किती घरं सरकली ते बोटाला कळत नाही. आकडा स्क्रीनवर बघावाच लागतो. त्यासाठी लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेला ‘सेटिंग इफेक्ट ऑन’ असू द्या, म्हणजे उजेड-अंधाराचा फरक फोटो काढण्याआधीच दिसतो. जोडीला झेब्रा चालू करा आणि १०० प्लसवर ठेवा. जिथे पांढरं पूर्ण जळून गेलंय तिथे तिरके पट्टे हलताना दिसतील. टोपीच्या टोकावर चार पट्टे दिसले तर चालतं. सगळ्या सदऱ्यावर दिसले तर रिंग मागे घ्या.

चाकाचं उजवं बटण मुळात फ्लॅशला दिलेलं असतं. या कॅमेऱ्याचा फ्लॅश वरच्या कळीने हाताने उघडल्याशिवाय बाहेरच येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी बटण अडवून ठेवायची गरज नाही. उजव्या बटणाला आयएसओ द्या, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा. डावं बटण ड्राइव्ह मोडला असतं, ते तसंच राहू द्या. एक फोटो, सलग फोटो, टायमर हे तिथे मिळतं आणि लेण्यांत ते लागणार आहे.

मागच्या बाजूच्या सी बटणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण गर्दीतल्या कामात त्याचा जो उपयोग आहे तो फार कमी जण करतात. त्याला एएफ/एमएफ कंट्रोल टॉगल द्या (एएफ म्हणजे ऑटोफोकस, एमएफ म्हणजे हाताने फोकस). एकदा दाबलं की ऑटोफोकस बंद होतो आणि फोकस होता तिथेच थांबतो. आता गणित बघा. या लेन्सची सगळ्यात रुंद बाजू २४ मिलिमीटरसारखी दिसते, पण खरी फोकल लांबी ८.८ मिलिमीटरच आहे. एवढ्या आखूड लेन्सला ॲपर्चर एफ ४ ठेवून (एफचा आकडा लहान तेवढं तोंड जास्त उघडं) फोकस पावणेदोन-दोन मीटरवर धरला, तर साधारण एक मीटरपासून ते थेट क्षितिजापर्यंत सगळं समाधानकारक स्पष्ट येतं. म्हणजे दोन मीटरवरच्या माणसावर शटर अर्धं दाबायचं, फोकस बसला की बोट सोडून सी दाबायचं, आणि मग गर्दीत कॅमेऱ्याला फोकस शोधायला लावायचंच नाही. बटण दाबलं की फोटो. माळेगावच्या यात्रेत खंडोबाच्या पालखीवर बेलभंडारा उधळला जातो, तेव्हा ऑटोफोकस हवेतल्या पिवळ्या धुळीवरच अडखळतो. फोकस आधीच धरून ठेवला असेल तर असा फोटो हातचा जात नाही.

यात एक गोम आहे आणि ती नीट लक्षात ठेवा. एमएफमध्ये गेलात की रिंग प्लस-मायनसचं काम सोडून फोकस फिरवायला लागते, तुम्ही तिला काहीही दिलेलं असो. त्यामुळे सी दाबल्यावर डावा हात रिंगवरून काढून कॅमेऱ्याच्या बुडाखाली घ्या. नाहीतर दोन मीटरचं अंतर नकळत अर्ध्या मीटरवर येतं आणि छोट्या स्क्रीनवर ते कळतही नाही. तेवढ्यापुरतं प्लस-मायनस चाकाच्या खालच्या बटणावरून करायचं. आणि कॅमेरा बंद केला की लेन्स आत जाते, पुन्हा चालू केल्यावर अंतर नव्याने धरायचं.

चाकाच्या मधल्या बटणाला आय एएफ द्या. दाबून धरलं की समोरच्याच्या डोळ्यावर फोकस जातो. तुम्हाला माणसांचे चेहरे जवळून टिपायचे आहेत, म्हणून हे. काही जण मधलं बटण स्टँडर्ड ठेवून त्याने फोकसची चौकट इकडेतिकडे हलवतात. मला ते या कॅमेऱ्यावर पटत नाही. चाकाने चौकट एकेक घर सरकवेपर्यंत क्षण जातो. फोकस एरिया ‘सेंटर’ ठेवा, मधोमध फोकस घ्या, शटर अर्धं दाबून धरा आणि मग हवी तशी चौकट साधा. लहान सेन्सरला एवढी खोली, म्हणजे पुढचं-मागचं स्पष्ट दिसण्याचं अंतर, मिळते की त्या हलवण्याने फोकस चुकत नाही. फक्त एफ १.८ ला अगदी जवळून काढताना जपा.

एफएनचं बटण म्हणजे १२ जागांचा छोटा मेनू, सहा-सहाच्या दोन ओळी. १२ जागा आहेत म्हणून १२ भरायच्या असं नाही. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारा आतला फिल्टर), व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणं), फ्लॅश मोड, फ्लॅशचं प्लस-मायनस, फोकस मोड, मीटरिंग एवढं वरच्या ओळीत ठेवा. खालची ओळ ‘नॉट सेट’ केली तरी बिघडत नाही. जे दिसत नाही ते चुकून बदलतही नाही.

एनडी फिल्टर वरच्या ओळीत का, ते सांगतो. हा कॅमेरा १/२००० सेकंदापेक्षा वेगाने शटर मारू शकत नाही. आपल्या दुपारच्या कडक उन्हात आयएसओ १२५ ला एफ ४ ठेवलं की नेमकं १/२००० च लागतं, म्हणजे तुम्ही काठावर उभ्या असता. त्यापुढे ॲपर्चर उघडून एफ १.८ केलंत, मागचं धूसर करायच्या नादात, तर फोटो पांढरा फटक पडणार. आत बसवलेला एनडी तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) उजेड कापतो आणि एफ १.८ पुन्हा आवाक्यात येतं. पुढच्या मार्क ६ आणि मार्क ७ मध्ये ही सोय काढून टाकलेली आहे, तेव्हा जुना घेतला म्हणून मन छोटं करू नका.

फ्लॅशबद्दलही तसंच. दुपारी बारा वाजता डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचा चेहरा पूर्ण सावलीत जातो आणि मागचं माळरान लख्ख असतं. मोठ्या कॅमेऱ्यांत पडद्याचं शटर असतं, त्यांचा फ्लॅश साधारण १/२०० ते १/२५० च्या वर साध्या पद्धतीने जुळत नाही. या कॅमेऱ्याचं शटर लेन्समध्येच आहे, त्यामुळे अगदी १/२००० लाही फ्लॅश जुळतो. फ्लॅश उघडा, फिल फ्लॅशवर (उजेड असला तरी फ्लॅश पडतो) ठेवा, त्याचं प्लस-मायनस उणे १ करा, दीड मीटरच्या आत उभ्या राहा. चेहरा, कपाळावरचं गोंदण, नाकातली नथ सगळं दिसतं, आणि फ्लॅश मारला आहे हे कळतही नाही.

गोंदणावरून आठवलं. मेनूत सॉफ्ट स्किन इफेक्ट नावाचं एक दुखणं आहे. ते बंद असल्याची खात्री करून घ्या. म्हाताऱ्या आराधिणीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि हिरवट गोंदण पुसून टाकणारा फोटो तुमच्या कामाचा नाही.

एकदाच लावून विसरायच्या गोष्टी पटकन सांगतो. क्वालिटी रॉ (पुढे दुरुस्तीला वाव ठेवणारी कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही. रॉ फाइल साधारण २० एमबीची होते, कार्ड त्या हिशोबाने मोठं घ्या. झूम फक्त ऑप्टिकल. ऑडिओ सिग्नल्स बंद, म्हणजे देवळात किंवा कीर्तनात पीकपीक होत नाही आणि या शटरचा स्वतःचा आवाज तर जवळजवळ ऐकूच येत नाही. एएफ इल्युमिनेटर बंद, नाहीतर अंधारात समोरच्याच्या तोंडावर लाल-केशरी दिवा पडतो. ऑटो रिव्ह्यू बंद. प्री-एएफ (शटर दाबण्याआधीच फोकस करत राहणं) बंद, बॅटरी वाचते. मूव्ही बटण ‘मूव्ही मोड ओन्ली’ करा, कारण ते अंगठ्याच्या अगदी शेजारी आहे आणि खिशातून काढता काढता दाबलं जातं. एअरप्लेन मोड चालू. व्ह्यूफाइंडर आत ढकलला की कॅमेरा बंद होतो ही त्याची रीत आहे, बिघाड नाही. उन्हात स्क्रीन दिसेनासा झाला की ‘सनी वेदर’ ब्राइटनेस आहे, पण तो बॅटरी खातो. त्यापेक्षा व्ह्यूफाइंडर उघडून त्याला डोळा लावावा.

आता मेमरी. वरच्या मोड डायलवर एमआर (मेमरी रिकॉल) लिहिलेलं घर आहे, त्यात तीन जागा. आधी कॅमेरा हवा तसा लावायचा, मोड, ॲपर्चर, आयएसओ, ड्राइव्ह सगळं, अगदी झूमही हवा तिथे ठेवायचा. मग कॅमेरा सेटिंग्जच्या शेवटच्या पानावरच्या मेमरीत जाऊन १, २ किंवा ३ वर साठवायचं. पुढे डायल एमआरवर आणली की कॅमेरा कुठली जागा ते विचारतो, चाकाने निवडायची आणि मधलं बटण दाबायचं. एक चांगली गोष्ट अशी की बटणांना दिलेली कामं या मेमरीत जात नाहीत, ती सगळीकडे एकच राहतात. तिन्ही मेमऱ्यांत रिंग म्हणजे प्लस-मायनस आणि उजवं बटण म्हणजे आयएसओ. बोटांना तीन वेगवेगळ्या भाषा शिकाव्या लागत नाहीत.

पहिली मेमरी नेहमीची. ए मोड, एफ ४, ऑटो आयएसओ १२५ ते १६००, एकेक फोटो, झूम सगळ्यात रुंद. गावात शिरल्यापासून परत निघेपर्यंत डायल इथेच असावी.

दुसरी मेमरी जत्रेची. एस मोड (इथे शटरचा वेग तुम्ही ठरवता, ॲपर्चर कॅमेरा), १/५००, ऑटो आयएसओ १६०० पर्यंत, सलग फोटो. भर उन्हात कॅमेरा स्वतःच एफ ८ च्या आसपास जातो, खोली भरपूर मिळते आणि वर सांगितलेली सी बटणाची पद्धत उत्तम चालते. मंडपाच्या सावलीत शिरलात की ॲपर्चर उघडत जातं, खोली कमी होते, तिथे सी पुन्हा दाबून ऑटोफोकसवर या. घोड्याच्या टापा, हलगीवरची टिपरी, पोतराजाचा आसूड यांना १/५०० पुरतं. तुळजापूरला नवरात्रात रात्री पोत पेटलेला असतो तेव्हा एस मोडवरच राहून शटर चाकाने १/१२५ पर्यंत खाली आणा आणि रिंग उणे १ वर न्या. ज्योतीचा आकार टिकतो, आराध्यांच्या चेहऱ्यावर तिचा उजेड तेवढाच राहतो. तिथे कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडलं तर तो रात्रीचा दिवस करतो आणि ज्योत म्हणजे नुसता पांढरा ठिपका उरतो.

तिसरी मेमरी लेण्यांची आणि अंधाऱ्या गाभाऱ्यांची. ए मोड, एफ १.८, आयएसओ ऑटोऐवजी स्वतः ठरवलेला १६००, सलग फोटो, स्टेडीशॉट (हाताचा कंप सावरणारी सोय) चालू, फ्लॅश मिटलेला. अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहेच आणि तिपाईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तेव्हा हातात धरूनच काढायचं. तिथल्या मंद दिव्यांत १६०० ला शटर १/१५ च्या आसपास उतरतं. कोपर बरगडीला टेकवा, श्वास सोडा आणि बटण दाबून तीन-चार फोटो सलग जाऊ द्या. पहिला बटण दाबण्याच्या धक्क्याने हलतो, मधला एखादा बहुतेक वेळा स्थिर येतो.

या मेमरीत झूम रुंद टोकालाच साठवा, आणि लेण्यात झूम करायचा मोह टाळा. ही लेन्स एफ १.८ ते २.८ अशी आहे, पण तो १.८ फक्त अगदी रुंद टोकाला मिळतो. जरा झूम केला की झपाट्याने २.८ वर जाते, म्हणजे सव्वा स्टॉप उजेड गेला, आणि शटर १/१५ वरून १/६ वर आलं. वर झूममुळे हात हललेला जास्त दिसतो. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हवा असेल तर जिथपर्यंत जाऊ देतात तिथपर्यंत चालत जा, रुंदच काढा आणि घरी कापा. २० मेगापिक्सेलमधून कापायला पुष्कळ वाव असतो. व्हाइट बॅलन्स लेण्यात ऑटो नको. दिव्यांचा पिवळेपणा आणि दारातून येणारा निळसर उजेड यांत तो गोंधळतो आणि दर फोटोला रंग बदलतो. एक कुठला तरी ठरवून धरा. रॉ आहेच, पुढे सगळ्या फोटोंना एकदम दुरुस्ती करता येते. (अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, विद्यार्थ्यांची सहल ठरवताना हे पाहून घ्या.)

वेरूळचं कैलास, सोळावं लेणं, मात्र तिसऱ्या मेमरीचं काम नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात आठव्या शतकात ते वरून खाली कोरत आणलं, त्यामुळे ते एका खोल चौकात उभं आहे. दुपारच्या आधी आणि नंतर त्या चौकाचा एक भाग उन्हात आणि एक गडद सावलीत असतो. तिथे पहिली मेमरी, झेब्रा चालू, रिंग एवढी मागे घ्यायची की उन्हातल्या शिल्पावरचे पट्टे जेमतेम जातील. सावलीतलं काळवंडलेलं रॉमधून बरंच परत आणता येतं. उन्हात जळून गेलेलं शिल्प कशानेच परत येत नाही.

हे सगळं हातात कसं उतरतं त्याचं एक जवळचं उदाहरण देतो. पैठणला विणकराच्या घरात हातमाग खिडकीलगत असतो, उजेड एका बाजूने येतो. विणकर मागावर वाकलेला, समोर ताणलेल्या रेशमी ताण्यात रंगीत कांड्या लोंबताहेत, पदरावर जर चकाकते आहे. पहिल्या मेमरीवरच असता तुम्ही. चाकाने एफ ४ वरून २.८ केलं. उजव्या बटणाने आयएसओ ८०० धरला. मधलं बटण दाबून धरलं, फोकस डोळ्यावर गेला. जरीवर झेब्र्याचे पट्टे दिसले, रिंग दोन घरं मागे. फोटो. विणकराने मान वर केली नाही, तुम्ही डोळा हलवला नाही, मेनू उघडला नाही. मग कांड्यांचा जवळून हवा म्हणून रुंद टोकाला येऊन अगदी पुढे गेलात. रुंद टोकाला हा कॅमेरा पाच सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो, पूर्ण झूमवर मात्र त्याला ३० सेंटिमीटर अंतर लागतं. जवळचा फोटो घेताना ‘फोकसच होत नाही’ ही तक्रार बहुधा एवढ्यावरूनच येते.

हा हात बसायला सराव लागतो आणि तो घरीच करायचा. संध्याकाळी बसल्या जागी, स्क्रीनकडे न बघता : आयएसओ ८००, प्लस एक, सी, पुन्हा सी. एकदा लावलेली बटणं लगेच बदलू नका. नवीन व्हिडिओ बघून दर आठवड्याला मांडणी बदलणाऱ्याची बोटं कधीच शिकत नाहीत. बदल करायची एकच खूण मी मानतो. तीच ती गोष्ट बदलायला पुन्हा पुन्हा मेनूत जावं लागत असेल, तर ती बाहेर यायला हवी. तुम्ही मुलाखतींचे व्हिडिओ जास्त करायला लागलात तर कदाचित तिसरी मेमरी त्यासाठी लागेल, आणि ते ठीकच आहे.

दुसरा कॅमेरा असणाऱ्यांसाठी दोन ओळी. कॅननच्या जी७ एक्स मार्क २ वर प्लस-मायनसची वेगळी चकती अंगठ्याशीच आहे, म्हणून तिथे रिंग आयएसओला किंवा टप्प्याटप्प्याच्या झूमला द्यावी. तिची रिंग खटखट वाजवायची की गुळगुळीत फिरवायची हेही कळीने ठरवता येतं. रिकोच्या जीआर ३ मध्ये स्नॅप फोकस मुळातच आहे, अंतर दोन किंवा अडीच मीटर ठरवून ‘फुल प्रेस स्नॅप’ चालू केलं की शटर एका दमात पूर्ण दाबायचं, फोकस तिथेच. मेमऱ्या तिथे यू१, यू२, यू३ नावाने डायलवर आहेत.

कॅमेऱ्याची काळजी आपल्या हवेप्रमाणे घ्यायला हवी. बाहेर-आत सरकणारी लेन्स आत जाताना-येताना धूळ ओढते, आणि आत गेलेली धूळ आपल्याला काढता येत नाही. भंडारा उडत असताना कॅमेरा बंद-चालू करत राहू नका, चालूच ठेवा. शांत झाल्यावर मऊ ब्रशने झटकून मगच बंद करा. उन्हाळ्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा गाडीच्या डिकीत कॅमेरा ठेवायचा नाही. एका बॅटरीवर साधारण ३२० फोटो हा कंपनीचा आकडा आहे, जत्रेत स्क्रीन सतत चालू राहतो म्हणून त्याहून कमी धरा आणि दुसरी बॅटरी घ्याच. कॅमेरा मायक्रो यूएसबीने चार्ज होतो, त्यामुळे गावात लाइट नसली तरी पॉवर बँकेवर भागतं.

आणि विद्यार्थी. कॅमेरा त्यांच्या हाती देताना डायल ऑटोवर फिरवून द्या. ऑटोमध्ये त्यांच्याकडून रिंग किंवा आयएसओची बटणं दाबली गेली तरी तुमच्या तीन मेमऱ्यांना धक्का लागत नाही, परत घेतल्यावर एमआरवर आणलं की तुमचं सगळं जिथल्या तिथे. एमआरवर असताना कुणी काही बदललं तरी ते तात्पुरतंच असतं, जागा पुन्हा निवडली की मूळ मांडणी येते. मेमरी खरोखर बदलायची असेल तर मेनूत जाऊन पुन्हा साठवावी लागते. ज्या विद्यार्थ्याला खरी गोडी लागलेली दिसेल त्याला मात्र ऑटोवर अडकवू नका. त्याला पहिली मेमरी लावून द्या आणि पहिल्या दिवशी फक्त रिंग शिकवा : पांढऱ्याला पुढे, काळ्याला मागे. कस्टम की आणि तिन्ही मेमऱ्यांच्या स्क्रीनचे फोटो मोबाइलने काढून ठेवा. कॅमेरा दुरुस्तीला गेला तर कोरा होऊन परत येऊ शकतो, तेव्हा ते बघून सगळं पुन्हा लावून घेता येईल.